कॉमन गाठ

आईच्या कानाखाली सुपारी आहे, हे मला माझ्या मुलीने सांगितलं. ती तेव्हा दुसरीत होती आणि आजीच्या कुशीत झोपायची. झोप येईपर्यंत आजीच्या कानाच्या पाळीशी चाळा करायचा ही तिची सवय, त्यामुळे ही सुपारी तिच्या चांगलीच ओळखीची होती. मी भाजी निवडता निवडता "हो का, बरं" म्हणून सोडून दिलं. तर ती हात कमरेवर ठेवून म्हणाली, "अगं खरंच. दाबली की सरकते."

मी उठून आईकडे गेले. आई हॉलमध्ये टीव्हीसमोर लसूण सोलत बसली होती. तिला खिडकीपाशी उजेडात आणलं, मान वळवायला लावली आणि कानाच्या पाळीखाली बोट ठेवलं. होती. टणक, गोल, आणि खरंच सरकणारी. इतकी वर्षं मी या बाईच्या समोर बसून जेवत होते आणि मला दिसली नव्हती.

"गालगुंड आसा ता," आई म्हणाली.

"गालगुंड आठवड्यात उतरतं, आई. हे कधीपासून आहे?"

"होयत दोन-चार वर्सां."

"आणि तू कोणाला बोलली नाहीस?"

"दुखणा नाय. दुखणाच नाय तर दाखवूचा काय?" असं म्हणून ती परत लसणाकडे वळली.

आई मालवणकडची. लग्न होऊन मुंबईत आली ती विक्रोळीच्या चाळीत. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्याच एका कारखान्यात लागले. बाबा गेल्यावर मी तिला आमच्या नाहूरच्या फ्लॅटवर घेऊन आले. मुंबईत आयुष्य गेलं तरी तिची मालवणी काही सुटली नाही. मी मात्र मराठीच बोलते, आणि घाबरले की आपोआप मालवणीत शिरते, असं माझा नवरा म्हणतो. तो साकीनाक्याला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मशीनचे पार्ट बनवतो आणि कोणत्याही प्रश्नावर "बघू रे, होईल" हे त्याचं उत्तर तयार असतं. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. माझं "बघू, होईल" वर भागत नाही. मला आकडा लागतो.

म्हणून मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर बसल्यावर मी पहिला प्रश्न तोच विचारला. सोनोग्राफी झाली होती, सुई टाकून तपासलं होतं, रिपोर्ट टेबलावर होता. डॉक्टर तरुण बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. कानाच्या पुढे नि खाली लाळेची एक मोठी ग्रंथी असते, त्यात ही गाठ आहे, असं त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. सुईच्या तपासणीत साधी वाटतेय, पण काढून टाकलेली बरी, कारण अशा गाठी वाढत राहतात आणि फार वर्षं राहू दिल्या तर काही थोड्या बिघडतातही. ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते, तिला जपून काढावी लागते.

"हे किती जणांना होतं?" मी विचारलं. "म्हणजे लाखात किती?"

"लाळेच्या ग्रंथीच्या गाठी एकूणात कमीच असतात. पण त्यातल्या त्यात ही सगळ्यात कॉमन."

"कमी की कॉमन?"

त्या हसल्या. "दोन्ही. कमी होणाऱ्या गाठींमधली कॉमन गाठ."

"पण मुंबईत किती? उपनगरांत किती?"

"ते कोणी घरोघरी जाऊन मोजलेलं नाही हो. आम्ही आमच्याकडे आलेले मोजतो, दुसरं हॉस्पिटल त्यांच्याकडचे मोजतं. जे कुठेच जात नाहीत ते कोणाच्याच हिशोबात नाहीत. आजी इतकी वर्षं कुठे होत्या?"

वर्गातल्या पोरांना सॅम्पल आणि पॉप्युलेशन, म्हणजे मोजलेले आणि एकूण, यातला फरक मी दर वर्षी शिकवते, आणि दर वर्षी पोरं जांभया देतात. त्या दिवशी तो फरक माझ्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून बसला होता. मला तशातही ते आवडलं. डॉक्टर आकडा ठोकून देत नव्हत्या, माहीत नाही ते माहीत नाही म्हणत होत्या.

बाहेर रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, "ऑपरेशन कधी करतत?"

या बाईने हलणारा दात उपटून घेतला नव्हता, तो आपणहून पडायची वाट बघितली होती. मोतीबिंदूच्या वेळी तिला समजावून दवाखान्यात न्यायला माझा मामा गावाहून आला होता. "तुला चालेल?" मी विचारलं. "चालात. लवकर करूक सांग," ती म्हणाली. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "झकास. वाद नाही, काही नाही. तू उगाच टेन्शन घेतलंस."

ऑपरेशनची तारीख मिळाली, मधे थोडे आठवडे होते. त्या आठवड्यांत आई बदलली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. ती आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. आज उपास, आज पोटात जड आहे, आज तुम्ही बसा मी मागाहून घेते. मग दिसलं की तिचा पेला भांड्यांच्या रॅकवर नसतो, तो खिडकीत वेगळा असतो. भांडीवाली बाई यायच्या आधी आपलं ताट ती स्वतःच घासून ठेवायची. रात्री मुलीला "माका उकाडता" म्हणून आमच्या खोलीत पाठवायची. मला वाटलं, रुसली असेल. मग वाटलं, ऑपरेशनला घाबरली असेल. विचारलं तर म्हणे, "काय नाय गो. म्हातारपण."

सगळ्यात वाईट झालं ते माशांचं. आमच्या घरी मासे असले की मुलगी आजीला चिकटून बसायची. तारली असो की पेडवे, आजी काटे काढणार, तुकडा आधी आपल्या तोंडात घालून जिभेने चाचपणार, बारीक काटाही नाही अशी खात्री झाली की तोच तुकडा नातीच्या तोंडात. मला लहानपणी तिने तसंच भरवलं होतं, तिला तिच्या आईने. मी कधीमधी "आई, ते उष्टं" म्हणून कुरकुर करायचे, पण ती कुरकुर शिकलेल्या बाईने करायची म्हणून करायची. आता आई म्हणू लागली, "मोठी झाली ती. आपल्या हातान खाव दे." पोरीने दोन वेळा प्रयत्न केला, एकदा घशात काटा लागला, आणि तिने मासे खाणंच बंद केलं. कोकणातल्या घरात पोर मासे खात नाही म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल. नवरा मूळचा नगरकडचा. तो म्हणाला, "मग डाळभात खाईल ना." मी त्याच्याशी त्या विषयावर बोलले नाही.

मग तो रविवार आला. आईने पेरू कापून मीठ-तिखट लावून अर्धा खाल्ला आणि उरलेला बशीत ठेवून ती फोन घ्यायला उठली. मुलीने येऊन बशीतली अर्धी चावलेली फोड उचलली आणि तोंडात घातली. आई फोन टाकून धावली. पोरीच्या तोंडात बोट घालून तिने ती फोड बाहेर काढली, बशीसकट सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि ओरडली, "माझा उष्टा खाव नको म्हणान कितीदा सांगलंय?"

माझ्या मुलीवर आई त्याआधी कधी ओरडली नव्हती. पोरगी रडत तिच्या बाबांकडे पळाली. मी आईचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. माझाही पारा चढला होता. "काय चाललंय तुझं?" मी म्हणाले. "काय झालंय तरी सांग."

"तुका कळणा नाय काय?" तिचे डोळे भरले होते. "डॉक्टरबायन तुझ्या समोर सांगल्यान. लाळेची गाठ, आणि कॉमन आसा. ह्या चेडवाक झाली तर?"

मला क्षणभर खरंच काही कळलं नाही. मग कळलं, आणि मी स्टुलावर बसले.

आमच्या चाळीत कॉमन या शब्दाचा एकच अर्थ होता. नळ कॉमन, संडास कॉमन, गॅलरी कॉमन, जिन्यातल्या दिव्याचा मीटर कॉमन. कॉमन म्हणजे सगळ्यांचं मिळून एक, याचं त्याला लागणारं. एका खोलीत डोळे आले की गॅलरीभर आले, एकाला खरूज की सगळ्यांना खरूज, आणि तेव्हाही शेजारीण हेच म्हणायची, कॉमन नळामुळे. आई इंग्रजी शाळेत शिकली नव्हती, पण हा शब्द तिला माझ्यापेक्षा जास्त येत होता, निदान असं तिला वाटत होतं. त्यात लाळ. लाळेची गाठ, लाळेतून जाणार, उष्ट्यातून जाणार, हे तिला कोणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. मी डॉक्टरांना विचारत होते किती जणांना होतं, आणि माझ्या शेजारी बसून आई मनात विचारत होती, माझ्यामुळे किती जणांना होणार.

आणि म्हणूनच ती ऑपरेशनला लगेच तयार झाली होती. स्वतःसाठी नाही. नातीला लागू नये म्हणून.

"जरा थांब," एवढंच मी म्हणाले आणि बाहेर येऊन नवऱ्याला गॅलरीत ओढलं. सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग गंभीर झाला.

"आत्ता सांगू नकोस," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, ऑपरेशनला हो म्हणाल्यात ना? ह्याच कारणासाठी म्हणाल्यात. तू सांगितलंस की हे कोणाला लागत नाही, की म्हणतील मग कशाला कापायचं. वाट लागेल सगळ्याची. थोडे दिवस राहू दे यार. ऑपरेशन झालं की सांग."

तो चुकीचं बोलत नव्हता, हाच त्रास होता. आईला मी ओळखत होते. गाठ दुखत नाही, कोणाला लागत नाही, साधी आहे, मग ती टेबलावर कशाला झोपेल? आणि ती नाही म्हणाली आणि पुढे ती गाठ बिघडली तर? किती बिघडतात, हा आकडा माझ्याकडे नव्हता. नवऱ्याचं ऐकायचं मी ठरवलं. संध्याकाळपर्यंत ऐकलंही.

संध्याकाळी आई ओट्याशी उभी राहून, आमच्याकडे पाठ करून, आपल्या वेगळ्या ताटात भात कालवत होती. हॉलमध्ये पोरगी टीव्ही बघत होती आणि दर थोड्या वेळाने मान वळवून आजीच्या पाठीकडे बघत होती. मला ते सहन झालं नाही. उद्याचं उद्या, असं म्हणून मी आत गेले आणि आईला सगळं सांगितलं. कॉमन म्हणजे नेहमी आढळणारी, लागणारी नाही. लाळेची ग्रंथी म्हणजे लाळ बनते ती जागा, लाळेत गाठ नसते. उष्ट्याने काही होत नाही, पेल्याने होत नाही, कुशीत झोपल्याने होत नाही. विश्वास बसावा म्हणून तिच्याच ताटातला भाताचा घास उचलून मी खाल्ला. मीठ नव्हतं त्यात.

आईने मला खाताना बघितलं. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मगे माका कापूक कित्या होया?"

नवऱ्याने दारातून माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं ना, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतरचे दिवस घरात चांगले गेले, हेही मला कबूल करायला हवं. पेला रॅकवर परत आला. आई आमच्यात बसून जेवू लागली. पोरगी पुन्हा आजीच्या कुशीत गेली आणि एका बुधवारी पेडव्यांचं तिखलं झालं तेव्हा आजीने आधी जिभेने चाचपून तिला तुकडा भरवला, आणि पोरीने डोळे मिटून तो खाल्ला. पण ऑपरेशनची तारीख जवळ येत होती आणि आई त्याचं नावही काढत नव्हती. मी विषय काढला की म्हणे, बघूया. नवऱ्याचं "बघू, होईल" माझ्या आईला लागलं होतं, ते मात्र खरंच लागणारं निघालं.

मी डॉक्टरांना फोन केला. किती टक्के बिघडतात, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "थोड्या. पण तुमच्या आईची त्यातली असेल की नाही, हे मी टक्क्यांवरून सांगू शकणार नाही." मी तेच आईला सांगितलं. मुद्दाम भीती घातली नाही, वाढवून सांगितलं नाही. चेहऱ्याच्या नसेचंही सांगितलं, की काही दिवस तोंड एका बाजूला वाकडं होऊ शकतं. तिने ऐकून घेतलं आणि पंखा पुसायला घेतला.

तारखेच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले तर आई पलंगावर पिशवी भरत होती. टॉवेल, दोन गाऊन, चष्मा, कंगवा.

"गावाक चाललंस काय?" मी विचारलं. घाबरल्यामुळे मी मालवणीत शिरले होते.

"मुलुंडाक," आई म्हणाली. "उद्या ना? तुका सकाळी घाई नको."

मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "आई, तुला कोणी काही बोललं? ह्याने काही सांगितलं?"

"माका कोण सांगतलो?" ती गाऊनची घडी घालत म्हणाली. "सगळा आयुष्य कॉमन होता गो. नळ कॉमन, संडास कॉमन. तुझ्या बापाशीचो पगारव कॉमन, अर्धो गावाक जाय. ही एकच माझी स्वताची निघाली. तिचा काय करूचा ता मी ठरयतलंय." पिशवीची चेन तिने लावली. "आणि माका ती नको आसा. बस."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं तर म्हणाली, "जड आसस. उठ."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नस वाचली, पण दुखावली गेली. आईचं तोंड थोडे आठवडे डावीकडे ओघळलेलं राहिलं, चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायचा. हे हळूहळू सुधारेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तसंच होत गेलं. आई आरशात बघून स्वतःलाच नक्कल करून दाखवायची आणि नातीला हसवायची. गाठीचा पक्का रिपोर्ट आला. साधीच होती. डॉक्टर मला म्हणाल्या, "आता आजी आमच्या मोजणीत आल्या." मी आईला ते सांगितलं, तर तिने विचारलं, "बरा मोजल्यानी ना?"

टाके काढल्यावर पुन्हा एकदा दाखवायला गेलो तेव्हाची गोष्ट. बाहेरच्या बाकांवर गर्दी होती. आमच्या रांगेत एक बाई बसली होती, आईपेक्षा थोडी लहान, मराठवाड्याकडची असावी बोलण्यावरून. तिच्या जबड्याखाली लिंबाएवढा फुगवटा होता आणि तो झाकायला तिने पदर घट्ट ओढून घेतला होता. तिच्या बाकावर मधे जागा होती, तरी ती टोकाकडे सरकून बसली होती. आई सरळ जाऊन तिला लागून बसली. बाई आणखी सरकली. आई आणखी सरकली. पुढे जागा नव्हती.

"लाळेची काय?" आईने विचारलं.

बाईने मान डोलावली. मग हळू आवाजात म्हणाली, "जरा लांबच बसा, ताई. लागतंय म्हणत्यात. सून काही वाईट नाही हो, पण घरात लहान लेकरू हाय. माझं ताट, तांब्या वेगळाच ठिवलाय मी."

मी पुढे होऊन समजवायला तोंड उघडलं. कॉमन, ग्रंथी, सगळं माझ्या ओठांवर तयार होतं. आईने हाताने मला थांबवलं.

"कोण म्हणता लागता?" ती म्हणाली. "मीपण अशीच बसलेली, वेगळा ताट घेऊन. खुळ्यासारखी." मग पदर बाजूला करून तिने कानाखालचा टाक्यांचा व्रण दाखवला. "बघा. हात लावून बघा."

बाईने हात लावला नाही. नुसतं बघितलं.

तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. आईने ती उचलली. आमच्याकडे दुसऱ्याच्या बाटलीतून कोणी पाणी पितं ते वरून, ओठ न लावता. आईने झाकण उघडलं आणि बाटली तोंडाला लावली. ओठ अजून पुरता बसत नव्हता, त्यामुळे पाणी हनुवटीवरून गळ्यात आणि ब्लाऊजवर गळलं. तिला पर्वा नव्हती. तिने दोन घोट घेतले, बाटली खाली घेतली आणि पुसायच्या भानगडीत न पडता ती बाईपुढे धरली.

बाईने बाटलीच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने जबड्यावरचा पदर सोडला, बाटली घेतली आणि ओठांना लावून पाणी प्यायली.